धुतलेली ताटली

डुक्कर मारायचं ते वाढत्या चंद्रात. उतरत्या चंद्रात मारलं की मांस तव्यात आकसतं, हे आमच्या साल्टर्सबीत पाळण्यातलं पोरही सांगेल. त्या वर्षी वाढता चंद्र आणि मतदान एकाच आठवड्यात आले, त्याला आई तरी काय करणार? सोमवारी डुक्कर मारलं, मंगळवारी कापायला घेतलं, आणि गुरुवारी बाबांनी वेक्सबीच्या बाजारात चौथऱ्यावर चढून शे-पाचशे माणसांसमोर आपलं मत कोणाला ते मोठ्याने सांगायचं होतं. तेव्हा मत असंच द्यायचे. कारकून विचारणार, तुम्ही नाव घेणार, तो लिहिणार, आणि कोणी कोणाचं नाव घेतलं त्याची यादी पुढे छापूनही येणार. आता चिठ्ठी पेटीत टाकतात. माझ्या नातवंडांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, म्हातारी थापा मारतेय.

बाबांना मत होतं हेच मुळात नवीन. कायदा आदल्याच वर्षी बदलला होता, आणि गाड्यांची चाकं करणारा रुबेन ऑडलिंग हा आमच्या घराण्यातला पहिला मतदार झाला. पण घर, कारखाना, लाकूड चिरायचा खड्डा आणि मागचं शेत, सगळं होतं हॉलचं. हॉल म्हणजे टेकडीवरचा जमीनदाराचा मोठा वाडा, आणि साल्टर्सबीत तो वाडा म्हणेल ती पूर्व. आमचा ताबा वर्षावर्षाने वाढवायचा, दर वसंतात, लेडी डेला, म्हणजे पंचवीस मार्चला. हॉलने एक ओळ लिहून पाठवली की चंबूगबाळं उचलायचं.

हॉलचा उमेदवार कॅप्टन ड्रेकॉट, रंग निळा. समोर मिस्टर हॅलम, रंग पिवळा. हॅलमचं म्हणणं एवढंच, की चॅपलला जाणाऱ्यांची, म्हणजे सरकारमान्य चर्च सोडून वेगळी प्रार्थना करणाऱ्या आमच्यासारख्यांची पोरं शाळेत घ्या आणि त्यांच्यावर चर्चची प्रश्नोत्तरं लादू नका. बाबांना ते काळजात जाऊन लागलेलं. माझा भाऊ ईनॉक नऊ वर्षांचा असताना ती प्रश्नोत्तरं म्हणेना म्हणून शाळेतून हाकलला गेला होता. मग बाबांनी त्याला आणि मला फळकुटांवर खडूने अक्षरं शिकवली. चॅपलला हॉलने जागाच दिली नाही, म्हणून दर रविवारी आमच्या कारखान्यात, अर्धवट चाकांच्या मधोमध फळ्या टाकून प्रार्थना चालायची. माझ्या केसांत सोमवारपर्यंत भुसा असायचा.

इतकं सगळं असून बाबा निळ्याला मत देणार होते. तसा शब्द त्यांनी दिला होता, आणि तो हॉलला नाही, तमारआत्याला.

तमारआत्या बाबांची मोठी बहीण, चांगली बारा वर्षांनी मोठी. त्यांची आई बाबांच्या जन्मातच गेली, तेव्हा आत्यानेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. लग्न केलं मॅथ्यू कटफर्थशी, आणि मॅथ्यूकाका पुढे हॉलचे मुकादम झाले. कोणाचं कुंपण मोडलं, कोणाचं छप्पर गळतं, कोण कुठे प्रार्थना करतं, हे वर कळवायचं काम त्यांचं. माणूस वाईट नव्हता हो. मऊ होता, आणि मऊ माणसाला त्या कामात फार त्रास. ऑक्टोबरात हॉलच्या कारभाऱ्याने त्यांना सुनावलं होतं, की स्वतःचा मेहुणा ज्याला आवरत नाही तो चाळीस कुळं काय आवरणार. काका घरी आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आत्या ओढा ओलांडून आमच्याकडे आली, बाबांच्या समोर बसली आणि रडली. आत्याला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. बाबांनी हातातली पटाशी खाली ठेवली आणि म्हणाले, "ताई, तू म्हणशील तसं."

त्या दिवसापासून ईनॉकदादा बाबांशी बोलेनासा झाला. बावीस वर्षांचा, अंगात रग, आणि स्वतःला मत नाही. तो पिवळा रुमाल बांधून गावभर हिंडायचा. आई मात्र निर्धास्त झाली. तिला कॅप्टन आणि हॅलम दोघे सारखेच, पण परसातली तिची आलुबुखाराची झाडं, तिची विहीर आणि चर्चच्या भिंतीलगत पुरलेली तिची दोन लेकरं सोडून तिला कुठे जायचं नव्हतं. "वन्संनी घर राखलं," असं ती शेजारणींना सांगायची. एरवी नणंदेचं कौतुक तिच्या तोंडून निघत नसे.

तर मंगळवार. डुक्कर कापलं की पहिलं काम वाटे लावायचं. काळीज, गुर्दा, थोडं मांस, वर जाळीदार चरबी, असा एकेक वाटा ताटलीत घालून नात्यात आणि शेजारात पोचवायचा. त्यांचं डुक्कर मारलं की ते आपल्याला पाठवणार, म्हणजे हिवाळाभर प्रत्येकाच्या घरी ताजं काहीतरी येत राहतं. आणि घेणाऱ्याने ताटली रिकामी करून, न धुता, आहे तशी परत द्यायची. धुतली तर देणाऱ्याच्या घरचं मांस मीठ धरत नाही, हाडापासून सडत जातं. हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून ताटली धुणं चुकून होतच नाही. वैर धरायचं असेल तरच कोणी धुवेल. शेजारच्या ब्लेड्सबाईंच्या सासूने एकदा आपल्या जावेची ताटली धुतली होती, आणि त्या दोघी मरेपर्यंत एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत.

वाटे पोचवायचं काम माझं. मी सतरा वर्षांची होते. अकरा ताटल्या होत्या, आणि आत्याची शेवटची, कारण ती ओढ्यापलीकडे. आत्याने वाटा आपल्या भांड्यात उलटला, मला गरम सरबत दिलं आणि "चहाच्या वेळेला सुरी घेऊन येते, डुकराच्या पायांत मसाला मीच भरणार, केझायाला सांग, तिने मिरी जास्त घालून ठेवू नये," असा निरोप दिला. आई दरवर्षी मिरी जास्त घालायची आणि आत्या दरवर्षी हे म्हणायची. मी निघताना मॅथ्यूकाकांनी खिशातून निळ्या रिबिनीचा तुकडा काढला आणि म्हणाले, "बाबांना दे. गुरुवारी कोटाला लावतील, म्हणजे कारभाऱ्यांना लांबूनच दिसेल." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

ओढ्यात पाऊल ठेवायला सात दगड आहेत. पाचव्यावर वारा आला आणि हातातली रिबीन उडाली. मी वेड्यासारखी तिला धरायला वाकले, आणि ताटली सुटली ती थेट काठच्या चिखलात. रिबीन गेली वाहत. ताटली फुटली नव्हती, पण अशी काही माखली होती की विचारू नका. मी पाण्यात उतरून ती खळखळ विसळली, अॅप्रनने पुसली, आणि चार पावलं चालले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हातात पांढरीशुभ्र ताटली. मी काय केलं ते तेव्हा कळलं.

सांगून टाकायचं, असं ठरवतच मी स्वयंपाकघरात शिरले. आत आई कोपरापर्यंत मिठात, ईनॉकदादा मांड्या उचलून दगडी कुंडात ठेवतोय, आणि शेजारच्या ब्लेड्सबाई सॉसेजचं आतडं भरताहेत. ब्लेड्सबाईंच्या कानावर गेलेली गोष्ट चर्चची घंटा वाजवून सांगायची गरज उरत नसे. बाकीच्या दहा ताटल्या टेबलावर रांगेत, प्रत्येकीवर रक्ताचा आणि चरबीचा ओघळ वाळलेला. मी अकरावी ठेवली आणि तोंड उघडणार, तोच ब्लेड्सबाई म्हणाल्या, "ही कोणाकडची गं?"

"आत्याकडची," मी म्हटलं.

आई वळली. ताटली बघून तिच्या हातातलं मीठ तिथेच गळलं. ईनॉकदादा हसला, आणि तेच फार वाईट झालं. तो म्हणाला, हॉलची ऊब लागली की माणसाला भावाच्या घरचं रक्तही घाण वाटतं, घ्या आता, ज्यांच्यासाठी बाबांनी मान खाली घातली त्यांनीच ताटली धुऊन पाठवली. आई त्याला गप्प बस म्हणाली. वर्षाचं मांस होतं कुंडात. मी बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर ती आईच्या मांसावर आलेली संक्रांत माझ्या नावावर लागली असती, ब्लेड्सबाईंच्या साक्षीने, आणि आईचा हात मिठाने भरलेला असला तरी तो कानाखाली कसा बसतो हे मला माहीत होतं. मी तो क्षण घालवला. एक क्षण गेला की दुसरा जास्त अवघड असतो, आणि तिसऱ्याला तर माणूस खोटाच पडतो.

गलका ऐकून बाबा कारखान्यातून आले. आईने सांगितलं. त्यांनी मला विचारलं, "विनी, आत्याने धुतली?" मी जमिनीकडे बघत राहिले. बाबांनी ताटली उचलली, उजेडात धरली, उलटी केली, बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. लाकूड विकत घेताना ते असाच अंगठा फिरवायचे. मग ती चुलीवरच्या फळीवर ठेवली आणि एवढंच म्हणाले, की ताई येईल तेव्हा विचारू, तोवर कोणी काही बोलायचं नाही.

चहाच्या वेळेला आत्या आली. बगलेत अॅप्रन, हातात तिची ती पातळ झालेली सुरी. दारातूनच म्हणाली, "मिरी घातलीस ना जास्त?" कोणी हसलं नाही. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आई पाठ फिरवून उभी, ईनॉकदादा दाराला टेकलेला, ब्लेड्सबाई आतडं भरायचं विसरलेल्या.

"वन्सं," आई न वळताच म्हणाली, "आमचं काही चुकलं असेल तर तोंडाने सांगायचं होतं. ताटली धुवायला तुमचा हात कसा धजला?"

आत्याने फळीवरची ताटली पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी तशीच उभी होते, गुडघ्यापर्यंत ओली, अॅप्रनवर चिखलाचा फरकाटा. तो घरात शिरल्यापासून कोणालाही दिसला नव्हता, तिला एका नजरेत दिसला. मला वाटलं, संपलं. आता ती म्हणणार, अगं या पोरीला विचारा. तिने तसं म्हणावं अशी मला इच्छाही झाली, इतकी माझी दशा झाली होती.

त्या वेळी तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला खूप वर्षांनी सांगितलं. भावाकडून शब्द घेऊन गेली त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. लहानपणी हा पोरगा खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे, आणि गेले तीन आठवडे ती त्याला भेटायची तेव्हा त्याचे कान लाल असायचे. शब्द परत करावा तर नवऱ्याची नोकरी जाते. न करावा तर रूब, बाबांना ती तसंच म्हणायची, वेक्सबीच्या चौथऱ्यावर लाल कानांनी उभा राहणार, आणि उरलेलं आयुष्य तसाच राहणार. या पेचातून तिला बाहेर पडता येत नव्हतं. आणि आता समोर ती ताटली होती, आणि ऐकायला ब्लेड्सबाई होत्या.

"हो," आत्या म्हणाली. "मीच धुतली."

बाबा इतका वेळ चुलीपाशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "ताई, नीट विचार करून सांग."

"विचार करूनच धुतली. ज्या घरात हॉलच्या नावाने बोटं मोडतात, त्या घरचं काही आमच्या ताटाला चिकटलेलं नको. तुझा माझा संबंध संपला, रुबेन. तू मला दिलेला शब्दही तुझा तुला परत. तो घेऊन मी काय करू?"

तिने त्यांना रुबेन म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. ती वळली आणि गेली. अॅप्रन खुर्चीवर राहिला. ब्लेड्सबाईंना एकाएकी आठवलं की घरी दूध उतू जात असेल, आणि अंधार पडायच्या आत साल्टर्सबीच्या दोन्ही टोकांना कळलं की तमार कटफर्थने भावाची ताटली धुतली.

बाबा टेबलाशी बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ईनॉकदादा म्हणाला, "बाबा, आता तुम्ही मोकळे." त्यावर बाबांनी तोंडावरचे हात न काढता त्याला गप्प बसायला सांगितलं, आणि ज्या आवाजात सांगितलं त्याने दादा खरंच गप्प बसला.

बुधवारी घरात सगळं उलटंपालटं झालं. इतके दिवस पिवळा रुमाल मिरवणारा दादा सकाळी कारखान्यात गेला, भिंतीवरच्या हत्यारांकडे बघत राहिला, आणि दुपारी बाबांना म्हणाला, की मी तोंडाची वाफ दवडत होतो, घर जाईल हे मला खरं वाटत नव्हतं, आता वाटतंय, तुम्ही द्या निळ्यालाच. बाबा चाकाचे आरे तासत होते. ते म्हणाले, "मग इतके दिवस मला भित्रा का म्हणत होतास?"  तो बसून रडला. एवढा मोठा मुलगा भुशात बसून रडतोय, आणि बाबा तासताहेत.

 आईने मांसावर मिठाचा आणखी एक थर दिला, धुतलेल्या ताटलीवर उपाय म्हणून. मग परसात गेली, आलुबुखाराच्या झाडांपाशी थोडी थांबली, चर्चच्या भिंतीकडे जाऊन आली. मला वाटलं, आता रात्री रडून-भेकून ती बाबांना बांधून घालणार. गुरुवारी सकाळी बघते तर तिने बाबांचा चांगला कोट काढून, ब्रश मारून खुर्चीला लावलेला. बाबा तो घालायला लागले तेव्हा ती कॉलर नीट करत म्हणाली, "हे बघा, मी कोणाचं नाव घ्या ते सांगणार नाही. पण जे घ्याल ते स्पष्ट घ्या. पुटपुटू नका. पुटपुटलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"केझाया, झाडं जातील," बाबा म्हणाले.

"मला माहितेय काय काय जाईल. मी काल मोजून आले." आणि ती आत निघून गेली.

वेक्सबीला आम्ही दादाच्या गाडीतून गेलो. बाजारभर निळं-पिवळं, बिअरचा वास, ड्रेकॉटच्या माणसांनी आणलेला बँड. चौथऱ्यावर कारकून बसलेला, त्याच्या मागे हॉलचा कारभारी, आणि कारभाऱ्याच्या खांद्याशी कुळांच्या नावांचा कागद घेऊन मॅथ्यूकाका. एकेक कूळ वर चढत होतं, ड्रेकॉट म्हणत होतं, काका कागदावर खूण करत होते. काकांच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता.

बाबा वर चढले. कारकुनाने नाव विचारलं, गाव विचारलं, मत कोणाला ते विचारलं. बाबांनी टोपी काढली. गाडीतून मला त्यांचे कान दिसत होते. अजिबात लाल नव्हते.

"हॅलम," बाबा म्हणाले, आणि असं म्हणाले की बँडवाल्यांनीही ऐकलं.

पिवळ्यांनी आरोळी ठोकली, निळ्यांनी शिव्या दिल्या, कोणीतरी कोबीचा गड्डा फेकला. कारभारी मॅथ्यूकाकांकडे वळला. ईनॉकदादा चौथऱ्याच्या अगदी पायाशी उभा होता, त्याने पुढचं सगळं ऐकलं. कारभाऱ्याने विचारलं, हा तुमचा मेहुणा ना? काका म्हणाले, "होता, साहेब. माझ्या बायकोने परवा त्यांची ताटली धुऊन पाठवली. गावात कोणालाही विचारा." कारभारी आमच्याच भागातला, शेतकऱ्याच्या घरात वाढलेला. त्याने भुवया वर केल्या, आणि म्हणाला की बाईमाणसात धमक आहे. काकांच्या नावापुढे काही लिहिलं गेलं नाही.

आमच्या नावापुढे लिहिलं गेलं. हॅलम पडला, ड्रेकॉट निवडून आला, आणि दहा दिवसांत हॉलची एक ओळ आली. लेडी डेला जागा खाली करा.

तो हिवाळा फार लांबला. रविवारी कारखान्यात माणसं यायची, पण फळ्यांवर बसताना हळू आवाजात बोलायची, जणू घरात कोणी आजारी आहे. ओढ्यापलीकडून कोणी येत नव्हतं. बाजारात आत्या समोरून आली तर आई मान वळवायची आणि बाबा टोपीला हात लावायचे, आत्या न बघता पुढे जायची. आणि मी? मी रोज ठरवायची, आज सांगायचं. आईने मांड्या कुंडातून काढून टांगल्या तेव्हा एकही सडलेली नव्हती. गेल्या दहा वर्षांत इतकं चांगलं मांस उतरलं नव्हतं. आई मात्र प्रत्येक तुकडा खाताना म्हणायची, काहीतरी वास येतोय.

नाताळच्या आधी मॅथ्यूकाकांचं डुक्कर मारलं. गावात सगळीकडे वाटे गेले, आमच्याकडे आला नाही, आणि येणार नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कारखाना उघडायला गेले आणि बऱ्याच वेळाने आत आले, हातात कोबीच्या पानाने झाकलेली ताटली. दाराशी ठेवलेली होती म्हणाले. आत्याच्या घरची ती निळ्या काठाची ताटली आम्ही सगळेच ओळखत होतो. आई म्हणाली, "उकिरड्यावर टाका." बाबांनी स्वतः तवा ठेवला, काळीज परतलं आणि एकट्याने बसून खाल्लं. रिकामी ताटली त्यांनी वरच्या फळीवर ठेवून दिली. ती परत करायला कोण जाणार होतं? गेलो असतो तर कोणाच्या तरी नजरेस पडलो असतो.

लेडी डे उजाडला. लिंकनपलीकडे एका गावात बाबांना चाकांचं काम मिळालं होतं, निम्म्या जागेत. गाडी भरत आली. आई स्वयंपाकघरात शेवटची भांडी धुऊन गवतात गुंडाळत होती, आणि फळीवरून तिने ती निळ्या काठाची ताटली काढली. तीन महिन्यांची चरबी तिच्यावर वाळून पिवळी झाली होती. आईने ती पाण्यात घालायला हात नेला.

"ती नको धुऊ," बाबा दारातून म्हणाले.

आईचा बांध तिथे फुटला. सगळा हिवाळा दाबलेलं तिने एका दमात ओकलं. त्यांनी आमची धुतली तेव्हा चाललं? आपण कोणाचा रिवाज पाळायचा, ज्यांनी आपल्याला तोडलं त्यांचा? या घरातून मी दोन लेकरं मागे टाकून जातेय, आणि तुम्हाला त्या बाईच्या चरबीची पडलीय?

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. ओढा, रिबीन, चिखल, सगळं. मी रडत नव्हते, नुसती सांगत सुटले होते. आई ताटली हातात धरून ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात येत गेलं, की आत्याने काय केलं आणि कशासाठी केलं. मला वाटलं, आता तो हात येणार. आई खाली बसली, गवताच्या ढिगावरच. "वन्सं," ती म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं. "तुम्ही मला मारा," मी म्हटलं.

"कशाला? मला त्याच दिवशी कळलं होतं," बाबा म्हणाले. "ताटलीच्या बुडाच्या कडेत ओढ्याची रेती होती. ताईच्या घरी पंपाचं पाणी आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो. तेवढ्यात ताई बोलली." त्यांनी आईच्या हातातल्या ताटलीकडे पाहिलं. "तिने मला काय दिलं ते मला कळलं. ते मी तिला परत द्यायला निघालो असतो, तर काय उरलं असतं?"

त्यांनी आईच्या हातातून ताटली घेतली, मूठभर कोरडं गवत घेतलं, आणि चरबीला धक्का लागणार नाही अशी ती गुंडाळायला लागले. आई बघत होती. मग ती उठली, आपला एकुलता एक चांगला टॉवेल पेटीतून काढला, आणि म्हणाली, "गवत खरवडेल. यात बांधा."

गाडी ओढ्याच्या पुलावरून गेली तेव्हा मुकादमाच्या घराचं दार बंद होतं. आत्या परसात कपडे वाळत घालत होती, आमच्याकडे पाठ करून. एकच चादर ती पुन्हा पुन्हा झटकत होती. बाबांनी गाडी थांबवली नाही, हाकही मारली नाही. टॉवेलात बांधलेली ताटली आईच्या मांडीवर होती. आईने ती दोन्ही हातांनी वर उचलली, आत्याने एकदा वळून पाहीपर्यंत तशीच धरली, आणि मग पुन्हा मांडीवर ठेवली.